आतड्यातील अंकुर आणि प्रकाशाची पारख

मोठ्या आतड्याचा कर्करोग हा सहसा एकाएकी उद्भवणारा रोग नव्हे. सुमारे पाच फूट लांबीच्या या नळीच्या आतल्या अस्तरावर प्रथम एखादा लहानसा उंचवटा दिसू लागतो. कधी तो देठावर डोलणाऱ्या भूछत्रासारखा असतो, कधी मसुरीच्या दाण्यासारखा बसका, तर कधी इतका सपाट की, भोवतालच्या भागापासून तो निराळा ओळखणेही कठीण व्हावे. वैद्यकात यास पॉलिप म्हणतात. पन्नाशी उलटलेल्या अनेकांच्या आतड्यात असे पॉलिप असतात आणि त्यांतील बहुतेक जन्मभर निरुपद्रवीच राहतात. परंतु काही थोडे वाढत जातात, त्यांच्या पेशींची शिस्त हळूहळू बिघडते, आणि दहा-पंधरा वर्षांच्या अवधीनंतर त्यांतून कर्करोग जन्मास येतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ बेसिल मॉर्सन, त्यांचे सहकारी बसी आणि जपानी शल्यविशारद मुतो यांनी १९७५ साली हा क्रम सविस्तर मांडला. पुढे १९९० साली अमेरिकेतील फिअरन आणि फोगेलस्टाइन यांनी या पायऱ्यांमागे कोणकोणत्या जनुकांत बिघाड होत जातो, याची उपपत्ती पुढे ठेवली.

रोगाच्या या संथपणातच वैद्यकाला संधी सापडली. पॉलिप वेळीच काढून टाकला, तर त्यातून होणारा कर्करोग होणारच नाही, हा तर्क सरळ होता. पण तर्क आणि प्रत्यय यांत अंतर असते. ते अंतर अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप पाहणीने भरून काढले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, पॉलिप काढून टाकलेल्या १,४१८ रुग्णांत पुढे आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ साली याच पाहणीच्या दीर्घकालीन नोंदींवरून, या रोगाने येणारे मृत्यूही निम्म्याहून अधिक घटले असल्याचे दिसून आले.

येथपर्यंतची हकीकत सुखद आहे. अडचण सुरू होते ती दुर्बीण आतड्यात शिरल्यानंतर. पडद्यावर चार मिलिमीटरचा एक फिकट ठिपका दिसतो आहे. तो काढावा की तसाच राहू द्यावा? काढावयाचा तर दुर्बिणीतूनच काढावा, की त्यास हातही न लावता रुग्णाला शल्यविशारदाकडे पाठवावे? हे ठरविण्यास वैद्याजवळ फार तर एक-दोन मिनिटे असतात. निवड चुकली, तर एकीकडे एखाद्या माणसाच्या आतड्याचा हातभर तुकडा विनाकारण कापला जातो, आणि दुसरीकडे खोलवर रुजलेला कर्करोग वरवर खरवडून मागे ठेवला जातो.

ही दुर्बीण ज्या शोधावर उभी राहिली, त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले आणि आग्रा विद्यापीठातून पदवी घेतलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी वाकविली तरी तिच्या एका टोकाशी असलेले चित्र दुसऱ्या टोकाशी शाबूत पोचते, हे या दोघांनी १९५४ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले. तीनच वर्षांत, १९५७ साली, अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी असल्या तंतूंची लवचीक जठरदर्शक दुर्बीण तयार केली. १९६९ साली न्यूयॉर्क येथे वुल्फ आणि शिन्या यांनी तारेचा फास दुर्बिणीतून आत सोडून, पोट न उघडता, आतड्यातील पॉलिप कापून बाहेर काढला. काचेच्या तंतूंची जागा पुढे दुर्बिणीच्या टोकाशी बसविलेल्या इवल्याशा कॅमेऱ्याने घेतली. कपानी यांचे २०२० साली निधन झाले.

पॉलिपांच्या जाती अनेक असल्या, तरी व्यवहारात त्यांची विभागणी तीन-चार गटांत होते. पहिला गट अतिवर्धित पॉलिपांचा. यात पेशींची संख्या वाढते, पण त्यांचा स्वभाव बदलत नाही. गुदाशयात आणि त्याच्या लगतच्या वळणदार भागात आढळणारे असे बारीक पॉलिप हे बहुधा निर्धोक समजले जातात. दुसरा गट अॅडिनोमा या नावाने ओळखला जातो. कर्करोगाची वाट बहुतांशी याच गटातून जाते. तिसरा गट करवतीच्या दात्यांसारख्या ग्रंथी असलेल्या सपाट पॉलिपांचा. आणि शेवटचा गट म्हणजे ज्यात कर्करोग प्रत्यक्ष शिरलेला आहे असे पॉलिप. नुसत्या साध्या पांढऱ्या उजेडात यांतील कोणता कोणत्या गटातील, हे अनुभवी डोळ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

मग परंपरेने चालत आलेला मार्ग असा की, दिसेल तो पॉलिप काढावा, बाटलीत घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावा, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत वाट पाहावी. हा मार्ग सुरक्षित खरा, पण फुकटचा नव्हे. दुर्बिणीच्या तपासणीत सापडणारे बहुसंख्य पॉलिप पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात आणि त्यांत कर्करोग आढळणे अत्यंत विरळ. तरीही प्रत्येक तुकडा मेणात बसवावा लागतो, त्याचे पापुद्रे काढून रंगवावे लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. शिवाय प्रत्येक छेदाबरोबर रक्तस्रावाचा, आणि क्वचित आतड्यास भोक पडण्याचा, थोडासा धोका असतोच. मोठ्या पॉलिपांच्या बाबतीत एक निराळीच अडचण आहे. 'आधी लहानसा तुकडा काढून पाहू, मग ठरवू' हे म्हणणे ऐकावयास शहाणपणाचे वाटते. परंतु त्या तुकड्याच्या जागी जो व्रण भरून येतो, तो खालच्या थरांना घट्ट चिकटतो, आणि नंतर तोच पॉलिप दुर्बिणीतून सफाईने उचलणे दुरापास्त होते. तेव्हा न कापता, न दुखावता, केवळ पाहून पॉलिपाची जात ओळखता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला.

त्याचे पहिले भरीव उत्तर जपानात मिळाले. उत्तर जपानातील अकिता येथील रेडक्रॉस रुग्णालयात शिन-एई कुदो हे १९८०च्या दशकात काम करीत होते. त्यांचे लक्ष उंचवट्यांपेक्षा किंचित खोलगट अशा डागांकडे वेधले गेले. कारण हे डाग आकाराने लहान असूनही त्वरेने खोल शिरतात, आणि वेगाने दुर्बीण फिरविणाऱ्याच्या दृष्टीस ते पडतही नाहीत. अशा डागांना पाहण्यासाठी दोन साधने लागली. एक विवर्धन करणारी दुर्बीण, जी पृष्ठभाग शंभरपटीच्या आसपास मोठा करून दाखवी. आणि दुसरे साधन म्हणजे रंग.

त्यांतील एक रंग म्हणजे इंडिगो कार्मीन. भारतीय माणसास निळीची ओळख करून द्यावयास नको. चंपारण्यातील शेतकऱ्यांची दुःखे तिच्याशी निगडित आहेत. त्याच निळीवर गंधकाम्लाची क्रिया करून बनविलेला हा विद्राव्य रंग आतड्याच्या अस्तरावर फवारला असता पेशींत शोषला जात नाही. शेतातील पाणी सरींत साचावे, त्याप्रमाणे तो खोलगट जागी साचून राहतो आणि न दिसणारे काठ एकदम उठून दिसू लागतात. दुसरा रंग क्रिस्टल व्हायोलेट. तोंड आल्यावर लावण्याचे जांभळे औषध घरोघर परिचयाचे आहे, त्यातील मुख्य द्रव्य हेच. हा रंग पेशी शोषून घेतात. त्यामुळे अस्तर जांभळे होते आणि ग्रंथींची तोंडे पांढरी राहतात.

या ग्रंथींच्या तोंडांतच सारे रहस्य आहे. आतड्याचे अस्तर म्हणजे नळीसारख्या असंख्य ग्रंथींची दाटी होय, आणि प्रत्येक नळीचे तोंड वर एका रंध्राच्या रूपाने उघडते. आत पेशींची मांडणी कशी आहे, याचा ठसा वर रंध्राच्या आकारावर उमटतो. कुदो यांनी १९९०च्या दशकात या रंध्ररचनांचे पाच प्रकार ठरविले. निरोगी अस्तराची रंध्रे गोल आणि एकसारखी. हा पहिला प्रकार. अतिवर्धित पॉलिपाची रंध्रे चांदणीसारखी, हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात रंध्रे नळीसारखी दिसतात. त्यांतील लांबट रंध्रे साध्या अॅडिनोमाची, तर अगदी बारीक व दाटीवाटीची रंध्रे बहुधा त्या दगाबाज खोलगट डागांची खूण होय. चौथ्या प्रकारात ती फांद्यांसारखी फुटलेली किंवा मेंदूच्या वळ्यांसारखी नागमोडी असतात. पाचव्या प्रकारात मात्र रचना वेडीवाकडी होते, आणि अखेरीस पुसलीच जाते. जेथे रंध्रेच उरली नाहीत, तेथे ग्रंथींची घडण आतून उद्ध्वस्त झालेली आहे आणि कर्करोग अस्तराखालच्या थरात खोल उतरला आहे, असे समजावयाचे. सूक्ष्मदर्शकाखाली मृत तुकड्यात जे पाहावयाचे, त्याचे प्रतिबिंब जिवंत आतड्यात पाहण्याची ही युक्ती होती. ती इतकी साधी आहे की, अगोदर कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटते. पण मोठ्या शोधांची गोष्ट बहुधा अशीच असते.

रंग फवारणे, तो धुणे, पुन्हा फवारणे, यास वेळ लागतो आणि हातही कसलेला हवा. जपानबाहेर ही पद्धत फारशी रुजली नाही, याचे कारण वैद्यांचे अज्ञान नसून त्यांच्या दाराशी असलेली रुग्णांची रांग होय. तेव्हा रंग बाटलीत न ठेवता दिव्यातच ठेवता येईल काय, या दिशेने विचार सुरू झाला. टोकियोनजीकच्या काशिवा येथील राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या रुग्णालयातील सानो आदी वैद्य आणि ऑलिंपस या दुर्बिणी बनविणाऱ्या कंपनीचे तंत्रज्ञ यांनी १९९९ सालापासून यावर काम केले, आणि २००५-०६च्या सुमारास ही दुर्बीण बाजारात आली. या पद्धतीस अरुंद पट्ट्यांचे प्रकाशचित्रण म्हणता येईल.

तिचे तत्त्व समजावयास कठीण नाही. पांढरा प्रकाश म्हणजे सप्तरंगांची सरमिसळ. त्यातील तांबडा भाग अस्तरात खोल शिरतो आणि विखरून परततो. त्यामुळे सगळे चित्र गुलाबी, मृदू, पण अस्पष्ट होते. निळा प्रकाश मात्र वरच्या वरच अडतो. या पद्धतीत गाळण्या लावून दोनच पट्टे ठेवतात: एक ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा आणि दुसरा ५४० नॅनोमीटरचा हिरवा. हेच आकडे का? तर रक्तातील हिमोग्लोबिन नेमका या दोन जागी प्रकाश अधाशीपणे शोषून घेतो. त्यामुळे जेथे रक्तवाहिनी आहे तेथून प्रकाश परत येत नाही, आणि ती गडद रेघ बनून पडद्यावर उमटते. निळ्या पट्ट्यात अगदी वरच्या केशवाहिन्या दिसतात. त्या तपकिरी भासतात. हिरव्या पट्ट्यात किंचित खोलवरच्या शिरा दिसतात. त्या निळसर-हिरव्या भासतात. दांडीवरील एक बटण दाबले की पांढरा उजेड जाऊन हा उजेड येतो. पुन्हा दाबले की पूर्ववत. दुसऱ्या कंपन्यांनीही याच हेतूने निराळ्या वाटा काढल्या; कोणी चित्रावर गणिती संस्कार करून, तर कोणी लेसरचा निळा किरण वापरून.

रक्तवाहिन्या इतक्या महत्त्वाच्या का, हेही पाहिले पाहिजे. वाढणाऱ्या ऊतीला अन्न हवे. म्हणून अॅडिनोमा आपल्याभोवती नव्या केशवाहिन्यांचे जाळे विणतो. ते रंध्रांना वेढून असते, आणि या प्रकाशात सारा पॉलिप भोवतालच्या भागापेक्षा अधिक तपकिरी दिसतो. अतिवर्धित पॉलिपास अशी भूक नसते. तो फिकट, कधी भोवतालच्याच रंगाचा राहतो. कर्करोग खोल शिरला की हे जाळेही तुटते. वाहिन्या मध्येच खंडित होतात, जाड-बारीक होतात, काही ठिकाणी नाहीशा होतात. एवढ्यावरून एक सुटसुटीत वर्गीकरण तयार झाले. त्याचे संक्षिप्त नाव 'नाइस'. २०१२ साली ते सविस्तर प्रसिद्ध झाले. रंग, वाहिन्या आणि पृष्ठरचना या तीन गोष्टी पाहावयाच्या आणि पॉलिपास पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात घालावयाचे. पहिला बहुधा निर्धोक, दुसरा दुर्बिणीतून काढावयाचा, तिसरा शल्यविशारदाकडे सोपवावयाचा. विवर्धन करणारी दुर्बीण नसली तरी हे वर्गीकरण वापरता येते, हा त्याचा मोठा गुण.

जपानी वैद्यांना मात्र हा दुसरा गट फार ऐसपैस वाटला. साधा अॅडिनोमा आणि उंबरठ्यावर उभा असलेला कर्करोग यांना एकाच पंगतीत बसविणे त्यांना पटेना. म्हणून तेथील तज्ज्ञगटाने २०१४ साली दुसऱ्या गटाचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग पाडून आपले निराळे वर्गीकरण सिद्ध केले. त्यातील 'ब' हाच भाग सर्वांत निसरडा आहे. त्यात पडलेला पॉलिप कधी अद्याप अस्तरातच असतो, तर कधी खालच्या थरात उतरलेला. तेथे केवळ प्रकाशावर विसंबून न राहता पुन्हा क्रिस्टल व्हायोलेट फवारून रंध्रे तपासावीत, असा जपानी परिपाठ आहे. नव्या दिव्याने जुन्या रंगाला निवृत्त केले नाही, ते असे.

या काटेकोरपणाचे कारण एका मिलिमीटरात दडलेले आहे. कर्करोग अस्तराखालच्या थरात एक मिलिमीटरपेक्षा कमी उतरला असेल आणि अन्य लक्षणे अनुकूल असतील, तर तो लसिकाग्रंथींत पसरलेला असण्याचा संभव फार थोडा असतो. अशा रोग्याचा पॉलिप दुर्बिणीतून अखंड उचलला की पुष्कळदा काम संपते. त्याहून खोल गेला असेल, तर आतड्याचा तो भाग ग्रंथींसह काढण्याचा विचार करावा लागतो. आणि रोग गुदाशयात अगदी खाली असेल, तर या निर्णयावर रुग्ण पुढील आयुष्य पोटावर पिशवी बांधून काढणार की नाही, हेही अवलंबून असू शकते.

करवती दात्यांच्या पॉलिपांनी या सगळ्या व्यवस्थेत पाचर मारून ठेवली आहे. ते सपाट असतात, अंगावर श्लेष्म्याची चादर ओढून बसतात, त्यांचे काठ धूसर असतात, आणि वरील वर्गीकरणात ते निरुपद्रवी अशा पहिल्या गटासारखे दिसतात. वस्तुतः त्यांतील काहींतून कर्करोग होतो, आणि त्याची वाट अॅडिनोमाच्या वाटेहून निराळी असते. म्हणून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नव्या वर्गीकरणात ढगाळ पृष्ठभाग, अस्पष्ट कडा, वेडावाकडा आकार आणि रंध्रांतील काळे ठिपके या चार खुणांची भर घालण्यात आली.

आता प्रश्न उरतो तो भरवशाचा. पाच मिलिमीटरपर्यंतचे पॉलिप पाहून ओळखावेत, काढून टाकावेत आणि प्रयोगशाळेकडे न पाठविताच टाकून द्यावेत, अशी कल्पना पुढे आली तेव्हा अमेरिकेतील दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली तिला दोन अटी घातल्या. पुढील तपासणी केव्हा करावयाची, याचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालाशी निदान शेकडा ९० वेळा जुळला पाहिजे. आणि गुदाशयाच्या भागातील एखादा पॉलिप 'अॅडिनोमा नाही' म्हणून जागीच सोडावयाचा, तर ते म्हणणेही शेकडा ९० वेळा खरे ठरले पाहिजे. सेंट मार्क्ससारख्या नामांकित रुग्णालयात वाकबगार हातांनी ही पातळी गाठल्याचे २००९ सालीच दिसले होते. परंतु इंग्लंडच्या ईशान्य भागातील सहा सर्वसाधारण रुग्णालयांत १,६८८ रुग्णांवर हीच कसोटी लावली तेव्हा चित्र पालटले. नेहमीच्या व्यवहारात या पद्धतीची शिफारस तूर्त करता येत नाही, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी २०१७ साली नोंदविला. गंमत अशी की, त्याच वर्षी ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने, जिचे संक्षिप्त नावही योगायोगाने 'नाइस'च आहे, या पद्धतीस संमती दिली. मात्र यंत्र उत्तम प्रतीचे असावे, वैद्य खास शिकलेला असावा, त्याच्या कामाची वेळोवेळी तपासणी व्हावी, आणि ज्या पॉलिपाविषयी त्याची खात्री असेल त्याच्याच बाबतीत त्याने असा निर्णय घ्यावा, अशा अटी तिने घातल्या. दोन्ही मते परस्परविरोधी भासतात, पण तशी ती नाहीत. दिवा सर्वांना सारखाच मिळतो. त्या दिव्यात पाहावयास शिकणे सर्वांचे सारखे होत नाही.

हे शिक्षण यंत्रालाच द्यावे, असा आता प्रयत्न आहे. पॉलिपांची सहस्रावधी चित्रे दाखवून संगणकास त्यांची जात ओळखावयास लावतात. योकोहामातील शोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात, जेथे कुदो पुढे काम करू लागले, सुमारे ५०० पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीला अशी संगणकीय जोड देण्यात आली आणि २०१८ साली जपान सरकारने तीस मान्यता दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र संगणकाच्या साहाय्याने वैद्यांची अॅडिनोमा ओळखण्याची क्षमता लक्षणीय वाढलेली आढळली नाही. वाढला तो त्यांचा आत्मविश्वास. पोलंडमधून २०२५ साली आलेली वार्ता अधिक विचार करावयास लावणारी आहे. तेथील चार केंद्रांत पॉलिप शोधून दाखविणारे यंत्र सवयीचे झाल्यानंतर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत अॅडिनोमा सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर उतरले. याचा अंतिम अर्थ लावण्यास एक अभ्यास पुरेसा नाही, परंतु न वापरलेला डोळा मंदावतो हा संशय निराधार म्हणता येत नाही.

भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्य देशांहून आणि जपानहून कमी आहे. जपानात १९९२ सालापासून चाळिशीपुढील नागरिकांच्या मळातील अदृश्य रक्ताची सार्वत्रिक तपासणी होते. आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी समाविष्ट आहे, आतड्याची नाही. त्यामुळे येथे दुर्बीण बहुधा तक्रार उद्भवल्यानंतरच आत जाते, आणि तोवर पॉलिपाची अवस्था मागे पडलेली असते. शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याध, असा समज खेड्यापाड्यांत आहे तसाच मुंबई-दिल्लीतही आहे. महिनोन्महिने मलमे आणि चूर्णे यांवर निभावले जाते. वय तरुण असेल, तर कर्करोगाची शंका घरच्यांना येत नाही, आणि कधी कधी वैद्यासही येत नाही. वस्तुतः भारतीय रुग्णांत तरुणांचा वाटा पाश्चात्य देशांपेक्षा अधिक आढळतो.

आणि दुर्बीण कितीही सूक्ष्म असली तरी तिची एक गरज अगदी घरगुती आहे. आतडे स्वच्छ लागते. अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशात मागे राहिलेला पित्तमिश्रित मळ रक्तासारखा लाल दिसतो आणि सारे चित्र झाकून टाकतो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा तपासणीच्या दिवशी सकाळी जे बेचव रेचक पाणी तांब्यामागून तांब्या प्यावे लागते, ते रुग्णाला तपासणीपेक्षाही जिवावर येते. सकाळचा हिस्सा अनेकजण कंटाळून अर्धा टाकतात. आणि नेमक्या त्याच हिश्श्यावर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाची स्वच्छता विशेषेकरून अवलंबून असते, जेथे ते करवती दात्यांचे सपाट पॉलिप बहुधा दडून बसलेले असतात.